तिनं बंद केलेली इंजिनं

भोकरदनला रेल्वे नाही. गाडी बघायची म्हटलं तर जालन्याला जावं लागतं. आमच्या घरी मात्र माडीवरच्या खोलीत गाडी होती. वीतभर लांबीची पाच डिझेल इंजिनं, त्यांच्या मापाचे डबे, आणि खोलीभर टेबलं जोडून त्यांवर मांडलेले रूळ. गावात कुणी विचारलं की लोक सांगायचे, सरांकडं खेळण्यातली गाडी आहे. मला ते खेळण्यातली म्हटलेलं आवडायचं नाही. माझ्या बायकोला त्याचं काहीच वाटायचं नाही. "खेळणंच हाये की," ती म्हणायची, "फक्त बराबर ठेवलेलं."

मी हायस्कूलला भूगोल शिकवायचो, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला. तिचं माहेर वाटूरचं. तिथं फाट्यावर तिच्या वडिलांचं, अण्णांचं, शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. लग्नाच्या आधी तिच्या सगळ्या सुट्ट्या त्या दुकानात गेल्या होत्या. हे मला माहीत होतं, पण त्याचा माझ्याशी कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. पहिलं इंजिन मी मुंबईला प्रशिक्षणाला गेलो होतो तेव्हा आणलं. लहानपणापासून मनात होतं, एवढंच त्याचं कारण. काही महिने ते छान पळालं. मग अडखळायला लागलं, आणि एक दिवस जागेवर उभं राहून नुसतं गुणगुणत राहिलं.

मी ते खोक्यात घालून परत पाठवायला निघालो होतो. ती पोळ्या लाटत होती. हात धुऊन आली, इंजिन उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "याला पाठवता कशाला? आतमधी कचरा गेलाय नुसता."

"उघडशील तर गॅरंटी जाईल."

"चालत न्हाई ते न्हाईच. मंग गॅरंटी ठेवून काय करायचं?"

तिनं माहेरून आणलेला बारीक स्क्रू-ड्रायव्हर शोधला. वर्तमानपत्र पसरून त्यावर एक पांढरी बशी ठेवली, स्क्रू हरवू नयेत म्हणून. वरचं कवच काढलं तर आत एक बोटाएवढी मोटर, दोन्ही बाजूंना दांडे आणि चाकांवर बारीक दातेरी चक्रं. त्या दातांत कापसाचे तंतू असे गुंतले होते की चक्र दिसतही नव्हतं. आमच्या भागात कापूस घरात यायच्या दिवसांत हवेतच तो उडत असतो, खिडकीतून आत येतो, रुळांवर बसतो, आणि चाकांबरोबर वर जातो. तिनं ते चिमट्यानं एकेक उपसून काढले. मग सुईच्या टोकावर तेल घेतलं आणि आसाला नुसतं टेकवलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"तेल म्हणजे भाजीवरची तर्री न्हाई," ती म्हणाली. "जास्त झालं की धूळ चिकटते. अण्णा म्हणायचे, मशीनला तेल दिसलं न्हाई पाहिजे, ऐकू आलं पाहिजे."

इंजिन रुळावर ठेवलं आणि ते निघालं. तिनं कान जवळ नेऊन ऐकलं, आणि पोळ्या राहिल्या म्हणून खाली निघून गेली.

त्या दिवसापासून कामाची वाटणी ठरली. गाडी मी चालवायची, इंजिनं तिनं सांभाळायची. रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही वर जायचो. मी फडक्याला स्पिरिट लावून रूळ पुसायचो, ती खिडकीशी तिचं छोटं टेबल लावायची. चाकं साफ करायची तिची एक रीत होती. रुळावर स्पिरिटनं भिजवलेली कापडाची पट्टी आडवी टाकायची, इंजिनाची एक बाजू त्यावर ठेवायची, आणि मी वीज सोडली की चाकं कापडावर फिरायची. पट्टीवर काळ्या रेघा उमटायच्या. त्या रेघा बघून तिला फार समाधान व्हायचं. एरवी ती घरातल्या कुठल्याच गोष्टीचं कौतुक करायची नाही, पण ती काळी पट्टी मला हातात धरून दाखवायची.

ती काही रेल्वेची वेडी नव्हती. कोणतं इंजिन कोणत्या वर्गातलं, खऱ्या रेल्वेत ते कुठं धावतं, हे मी सांगायला लागलो की ती "हं" म्हणायची. तिला मोटर कळायची आणि आवाज कळायचा. मी टेबलाच्या पलीकडं गाडी वळणावर नेली की मान वर न करता म्हणायची, "पुढचा दांडा घासून राह्यलाय." उघडलं की बहुतेक वेळा तसंच निघायचं. निघालं नाही तर म्हणायची, "मंग माझ्या कानातच मळ हाये." स्टेशनच्या पाटीवर कुठलं नाव लिहायचं यावरून मात्र आमचं भांडण झालं होतं. मला भोकरदन हवं होतं, तिला वाटूर. दोन्हीकडं रेल्वे नाही, त्यामुळं दोघांचाही हक्क सारखाच होता. शेवटी पाटीच्या एका बाजूला तिचं गाव लिहिलं, दुसऱ्या बाजूला माझं.

मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. आम्ही दोघंही मागंपुढं निवृत्त झालो. रविवारची दुपार मग कुठल्याही दुपारी यायला लागली. ती वर्षं फार चांगली गेली. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं तसं काही नाही. गाडी चालायची, चहा व्हायचा, लाईट गेली की गाडी जिथल्या तिथं थांबायची आणि आम्ही ती येईपर्यंत बोलत बसायचो.

मग तिच्या छातीत गाठ निघाली.

संभाजीनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि नंतर केमो. आम्ही सकाळच्या एसटीनं जायचो. परत येताना तिला बस लागायची म्हणून मुलीनं पुढं गाडी ठरवून दिली. तिला एसटीच बरी वाटायची. म्हणायची, एसटीत खिडकी मोठी असते. केमोनं केस गेले. तिचे केस लांब होते, म्हातारपणाकडं झुकली तरी बहुतेक काळेच. स्कार्फ बांधून ती वर यायची आणि टेबलाशी बसायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवडतं काम करू द्या.

बोटं गेल्याचं मला उशिरा कळलं. गेली म्हणजे दिसायला जागेवरच होती. त्या औषधानं बोटांची टोकं बधिर होतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं होऊ शकतं, पुढं हळूहळू सुधारतं. पण ऐकताना आम्ही दोघंही जगण्या-मरण्याच्या गोष्टी ऐकत होतो. बोटांकडं कुणाचं लक्ष होतं?

आधी तिनं चष्म्याला दोष दिला. मग खिडकीतल्या उजेडाला. स्क्रू बशीत पडायचे, बशीतून उचलताना पुन्हा पडायचे. एकदा ती बराच वेळ दोन बोटं एकमेकांवर घासत बसली होती. मी विचारलं, "काय झालं?"

"स्क्रू धरलाय का न्हाई तेच कळत न्हाई," ती म्हणाली. "बघावं लागतं. बघितलं तर हाये. न बघता न्हाई."

तरी तिनं एक इंजिन पूर्ण उघडलं. लाल-पिवळं, तिच्या हाताखालून सगळ्यात जास्त वेळा गेलेलं. मी मदत करू का म्हटलं तर नको म्हणाली. काही दुपारी ती तेच घेऊन बसली होती. चक्रं धुतली, जुनं ग्रीस काढलं, नवं लावलं, मोटर परत बसवली, कवच घातलं. मग मला म्हणाली, "सोडा."

मी बटण पुढं फिरवलं. इंजिन मागं निघालं.

मोटर उलटी बसली होती. तसं बघितलं तर चूक किरकोळ, मोटर काढून फिरवून बसवली की झालं. मी हसलो. मला खरंच गंमत वाटली होती, आणि तिलाही वाटेल असं वाटलं. ती इंजिनाकडं बघत राहिली. ते मागं मागं जात वळणावर पोचलं, खोलीला वळसा घालून पुन्हा तिच्यासमोर आलं.

"बंद करा," ती म्हणाली.

मी बंद केलं. तिनं बशी पुसली, चिमटा आणि स्क्रू-ड्रायव्हर कापडात गुंडाळले, आणि ती गुंडाळी माझ्या बाजूला सरकवली. "आता तुम्ही करा. मी सांगते."

मी करायला लागलो. ती पलंगावर पडून सांगायची आणि मी खाली चटईवर बसायचो. बायकोकडून शिकणं फार अवघड असतं, त्यातून ती पहिली-दुसरीची बाई. "जोर लावू नका. ते काय नट हाये का ट्रॅक्टरचा?" "पुसा आधी, मंग तेल." माझी बोटं जाड, आणि जल्दी करायची मला सवय. पहिलं इंजिन मी चार वेळा उघडलं आणि चार वेळा बंद केलं. ते एकदाचं चाललं तेव्हा ती झोपली होती. मी उठवलं नाही. जागी झाल्यावर तिनंच विचारलं, "चाललं न्हाई का?" मी म्हटलं, "चाललं. दोनदा फिरवलं." ती म्हणाली, "मला ऐकू आल्तं. वाटलं स्वप्नात चाललंय."

मधले काही महिने बरे गेले. केस आले, आधी लव आल्यासारखे. बोटांत मुंग्या यायच्या, ती म्हणायची मुंग्या येतात म्हणजे जीव येतोय. मग कंबर दुखायला लागली आणि तपासणीत निघालं की आजार हाडांत उतरलाय.

त्यानंतरची एक गोष्ट मला सांगायची आहे, कारण तिच्याविषयी बोलताना लोक ती शेवटपर्यंत कशी आनंदी होती असं म्हणतात आणि मी मान डोलावतो. ती खाली पुढच्या खोलीत झोपून असायची. मला वाटायचं, तिचं मन रमवावं. एक इंजिन अडखळत होतं, ते मी तिच्याजवळ घेऊन गेलो. कानाशी धरलं, छोट्या बॅटरीच्या तारा लावून चाकं फिरवली.

"ऐक बरं, काय घासतंय?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं ऐकते आहे. मग ती म्हणाली, "न्हाई हो. आता न्हाई."

"अगं, नुसतं सांग. मी करतो."

"मला ते काहीच न्हाई पाहिजे आता," ती म्हणाली. रागानं नाही. दमून म्हणाली, आणि हळूहळू भिंतीकडं वळली. मी तारा काढल्या आणि इंजिन हातात धरून तिथंच बसून राहिलो. आपलं माणूस जातं हे आपण मनाशी धरून चालतो. पण ते जायच्या आधीच त्याला आवडलेल्या सगळ्या गोष्टींमधून बाहेर पडतं, आपण त्या गोष्टी घेऊन दारात उभे राहतो, आणि ते मागं वळून बघत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या गोष्टींमधलाच मी एक होतो का, हेही मी तेव्हा मनात आणलं होतं. संध्याकाळी तिनं माझा हात मागितला आणि धरून झोपली. पण तो प्रश्न मनात येऊन गेला होता.

ती गेली. मुलगी पंधरवडाभर राहिली, मग म्हणाली, "बाबा, पुण्याला चला." मी गेलो, थोडे दिवस राहिलो आणि परत आलो. माडीवरची खोली बंदच होती. पाऊसकाळ गेला, कापसाचे दिवस आले, वेचणीच्या बायका घेऊन जाणारे टेम्पो सकाळी घरावरून जायला लागले. तेव्हा कधीतरी मी वर गेलो.

टेबलांवर, रुळांवर, डब्यांच्या छपरांवर धुळीचा थर होता. रूळ पुसून काढायलाच दोन दिवस गेले. मग एकेक इंजिन ठेवून बघितलं. मी उघडलेली दोन होती, त्यातलं एक ते लाल-पिवळं, मोटर मी नंतर सरळ करून घेतलेली. ती कुरकुरत का होईना पण निघाली. बाकीची तीन जागेवरून हलली नाहीत. नुसता गुंजल्यासारखा आवाज यायचा. बरेच दिवस न चालवलं की आतलं ग्रीस वाळून घट्ट होतं, मेणासारखं. तसं झालेलं असताना जबरदस्तीनं वीज दिली तर मोटर जळते. उघडायचं, जुनं ग्रीस काढायचं, नवं लावायचं. हे सगळं मला आता येत होतं.

पण त्या तीन इंजिनांना माझा हात लागलेला नव्हता. ती तिनं बंद केलेली होती, बोटं चांगली असताना. आतलं ग्रीस तिनं लावलेलं, स्क्रू तिनं आवळलेले, तारा तिनं दुमडून बसवलेल्या. तिच्या साड्या मुलीनं वाटून टाकल्या होत्या, मीच तसं सांगितलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही, साड्या दुकानातून आलेल्या असतात. ही तीन इंजिनं मात्र आतून जशीच्या तशी तिच्या हातची होती. उघडली की तिचं काम पुसून त्यावर माझं येणार. आणि नाही उघडली तर ती आतल्या आत धरत जाणार.

मी ती फडताळात ठेवून दिली आणि दोन इंजिनांवर भागवायला लागलो.

दिवाळीत मुलगी आली. वर आली, फडताळ उघडलं, विचारलं, "ही का नाही चालवत?"

मी खरं ते सांगितलं. तिला सांगणं सोपं नव्हतं, ऐकणंही नसावं. ती आईच्या टेबलाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "आईनं चालत नाही ते कधी घरात ठेवलं होतं का?"

"नाही."

"मंग?" ती म्हणाली. पुण्यात इतकी वर्षं राहूनही तिचं मंग गेलं नव्हतं. तिच्या आईचा आवाज त्या एका शब्दात असा आला की मला खाली बघावं लागलं.

मुलगी परत गेल्यावर एका दुपारी मी तिन्हींतलं एक काढलं, निळं. लाईट गेलेली होती, म्हणून टेबल खिडकीशी ओढलं. स्क्रू सोडवताना जाणवलं की प्रत्येक स्क्रू सारखाच आवळलेला आहे, ना सैल ना घट्ट. माझे तसे कधीच बसले नाहीत. कवच निघालं. तारा नीट दुमडलेल्या होत्या. ग्रीस पिवळं पडलं होतं पण जिथं हवं तिथंच होतं, दातांवर, बाहेर कुठं एक ठिपका नाही. मी काही वेळ नुसता बघत बसलो. मग फडक्यानं ते पुसायला सुरुवात केली.

मागच्या आसाशी आलो तेव्हा चाक आणि चक्र यांच्या मधल्या फटीत काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. कापूस असेल म्हणून चिमट्यानं ओढलं. निघेना. भिंग लावून बघितलं तर तो केस होता. लांब, काळा, आसाभोवती कितीतरी वेढे घेऊन घट्ट बसलेला. तिचाच. आजाराच्या कितीतरी आधीचा, कधीतरी टेबलावर वाकलेली असताना गळून रुळावर पडला असेल आणि चाकानं ओढून घेतला असेल.

तो अख्खा सोडवावा म्हणून मी खूप प्रयत्न केला. टोक सापडेना. ग्रीसमध्ये तो असा मुरला होता की ओढला की तुटायचा. शेवटी आस मोकळा करायला दुसरा मार्ग नव्हता. मी ब्लेड घेतलं आणि वेढ्यांवरून हळूच फिरवलं. केसाचे बारीक बारीक तुकडे झाले. चिमट्यानं मी ते सगळे वेचून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर ठेवले. पुडी बांधावी म्हणून कागद आणायला उठलो, आणि तेवढ्यात लाईट आली. पंख्याचं बटण चालूच राहिलेलं होतं. मी वळेपर्यंत पंख्यानं वेग घेतला होता.

मी पंखा बंद केला आणि गुडघ्यावर बसून फरशीवर शोधलं. टेबलाखाली, भिंतीच्या कडेला, पलंगाच्या पायांशी. धूळ सापडली, कापूस सापडला, माझे पांढरे केस सापडले. तिचं काही सापडलं नाही. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो आणि ती गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. घरात कुणी नव्हतं, त्यामुळं आवाज आवरायचं कारण नव्हतं. खाली कुणीतरी दारावर थाप मारून गेलं, मी उठलो नाही.

इंजिन त्या दिवशी तसंच उघडं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी ते पुरं केलं. ग्रीस लावलं, तेल सुईनं टेकवलं, तारा तिनं दुमडल्या होत्या तशा दुमडायला गेलो, जमलं नाही, जमेल तशा बसवल्या. स्क्रू आवळले. रुळावर ठेवलं, बटण फिरवलं, आणि ते पुढं निघालं. आवाजात थोडी घरघर आहे. कुठून येते ते मला कळत नाही.

मुलीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं की निळं इंजिन चाललं. केसाचं सांगितलं नाही. तिनं विचारलं, "बाकीची दोन?"

"बघू," मी म्हटलं.

ती दोन अजून फडताळात आहेत. आतलं ग्रीस आता दगडासारखं झालं असणार. जितका उशीर तितकं अवघड, हे मला ठाऊक आहे. रोज दुपारी मी वर जातो, रूळ पुसतो, तिन्ही इंजिनं आळीपाळीनं फिरवतो, कारण फिरवली नाहीत तर तीही धरतील. त्या दोन्हींना मी अजून हात लावलेला नाही.